पाण्याकडे पाहणारा एक माणूस

गेल्या उन्हाळ्यात लेकीच्या कुटुंबासमवेत मिशिगन सरोवराच्या काठी तीन रात्री राहण्याचा योग आला. शिकागोहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, मिशिगन राज्यात, हॉलंड नावाचे गाव आहे. तेथील राज्य उद्यानात आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, उभे करून राहण्याची सोय आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. लिहायचे आहे ते या सहलीच्या पूर्वतयारीविषयी.

तयारी जावयांनी केली आणि ती कौतुकास्पद होती. मिशिगनच्या राज्य उद्यानांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातील जागा पाहता पाहता संपतात. म्हणून जुलैच्या मुक्कामासाठी हे गृहस्थ जानेवारीच्या बर्फात संगणकापुढे बसले होते. गाडीची लांबी किती फूट, विजेची जोडणी ३० अँपिअरची की ५०, पिण्याच्या पाण्याची नळी कोणती, सारे टिपून ठेवलेले. निघताना शौचालयाची टाकी आधी रिकामी करायची आणि मोरीच्या पाण्याची नंतर, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते, हा बारकावासुद्धा त्यात होता. टिपण पाच पानांचे झाले. त्यात सरोवराविषयी एकच ओळ होती: ‘मुलांसाठी फुगवायची खेळणी घेणे.’

मी विचारले, पाण्याजवळ मुलांकडे कोण पाहणार? जावई म्हणाले, “आई, आपण पाच मोठी माणसे आहोत. कोणी ना कोणी बघेलच.”

माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून बुडालेल्या मुलांच्या आईवडिलांकडून मी जे ऐकले आहे, त्यात ‘आम्ही सगळे तिथेच होतो’ हे वाक्य फार वेळा येते. आई समजते, बाबा पाहत आहेत. बाबा समजतात, आजोबा आहेत. अमेरिकेत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बुडणे हे आहे, आणि तेही पोहण्याचे तलाव व जीवरक्षक यांची वाण नसलेल्या देशात. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे हाका मारत नाही. फ्रँक पिया या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकाने अनेक वर्षांपूर्वी हे निरीक्षण नोंदवले: तोंड पाण्याच्या वरखाली होत असते, श्वास घेण्यातच सारी शक्ती जाते, हात उंचावून हलवता येत नाहीत, आणि हे सर्व २० ते ६० सेकंदांत आटोपते. तेवढ्या वेळात आपला चहासुद्धा गाळून होत नाही.

त्यातून मिशिगन सरोवर म्हणजे आपले सूरसागर नव्हे. त्याचा पैलतीर दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या येतात, आणि हॉलंडला आहेत तशा दगडी धक्क्यांच्या कडेने पाण्याची ओढ निर्माण होते. उद्यानाच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. असतात ते झेंडे. हिरवा, पिवळा, लाल, आणि दोन लाल म्हणजे पाण्यात उतरण्यास मनाई. झेंडा वाचणे हे पालकांचे काम. फुगवायची खेळणी तर वारा सुटला की मुलाला आत घेऊन जातात. त्याऐवजी तेथील तटरक्षक दलाची मान्यता असलेले, मुलाच्या वजनाचे लाइफ जॅकेट हवे.

बडोद्याच्या वाचकांना याचे महत्त्व मी सांगावे असे नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीची नाव उलटली; १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा अधिक मुले बसवलेली, आणि जाकिटे सर्वांच्या अंगात नाहीत. खाऊ आणि बस यांची यादी करणाऱ्या आपल्यांपैकी किती जणांनी त्यापूर्वी कधी ‘जाकिटे किती आहेत’ असे विचारले होते? मीही विचारले नव्हते.

आरव्हीविषयीही दोन गोष्टी टिपणात घालाव्या लागल्या. गाडीत सात जणांच्या निजण्याची सोय होती, पण मुलांचे सुरक्षा-आसन नीट बसेल अशा, पुढे तोंड असलेल्या जागा मोजक्याच. आडव्या बाकावर ते बांधता येत नाही. म्हणून विहीणबाई आणि आम्ही दोघे मोटारीने मागून गेलो. दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. जनरेटरचा किंवा शेगडीचा हा वायू गाडीत साचला, तर मूल डोकेदुखी आणि उलट्यांची तक्रार करते, आणि आपण ‘गाडी लागली’ म्हणून मोकळे होतो. साधा पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवील. तो या दोन हिमोग्लोबिनांत भेद करीत नाही. गजर चालू आहे ना, हे पहिल्याच रात्री कळ दाबून पाहिले.

पाण्यासाठी आम्ही पाळ्या लावल्या. एका वेळी एकच माणूस, पंधरा मिनिटे, मोबाइल दुसऱ्याच्या हाती, धाकटीपासून हातभर अंतरावर. पाळी संपली की पुढच्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. पहिल्या दिवशी सगळे हसले; विहीणबाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंची ड्यूटी लागली.” दुसऱ्या दिवशी लाल झेंडा लागला. नात तासभर रुसून बसली, आणि आम्ही वाळूचा किल्ला करीत राहिलो.

आपल्यातील अनेकांची मुले परदेशी आहेत, तेव्हा अशा सहली होतच राहतील. डॉक्टरांकडून घरच्यांची आणखी एक अपेक्षा असते, म्हणून लिहिते: बाहेर काढलेल्या मुलाचे पोट दाबून किंवा त्याला उलटे धरून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीचे दाब. हृदयविकाराच्या रुग्णासाठी शिकलेला ‘फक्त दाब’ येथे पुरेसा नाही.

मंडळाची पुढील कौटुंबिक सहल आजव्याला किंवा अन्य कोठे पाण्याकाठी ठरली, तर भोजनाच्या यादीआधी पाळ्यांची यादी फिरवावी, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. पहिल्या पंधरा मिनिटांसाठी माझे नाव लिहून घ्यावे.