'रक्तातच आहे' म्हणजे काय?

परवा अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेले एक स्नेही आमच्या गायनवर्गात डोकावले. बोलता बोलता म्हणाले, "तिकडच्या कृष्णवर्णीयांत ब्लडप्रेशर फार. काय करणार, त्यांच्या रक्तातच आहे ते!" मला एकदम माझे वडील आठवले. ते दरबारी गवई. "गाणे आपल्या रक्तातच आहे" असे कोणी कौतुकाने म्हटले की ते खट्टू होत. पहाटेच्या खर्जसाधनेची सारी वर्षे त्या एका वाक्याने पुसली जातात, असे त्यांना वाटे.

स्नेह्यांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. गोऱ्यांपेक्षा तो त्यांना लवकर जडतो, आणि त्यापायी पक्षाघात व मूत्रपिंडाचे विकारही अधिक होतात. प्रश्न आहे तो कारणाचा.

या बाबतीत एक उपपत्ती बरीच गाजली. गुलामांच्या जहाजांवर तहानेने आणि अतिसाराने माणसे मेली. ज्यांचे शरीर मीठ धरून ठेवी तीच जगली, आणि त्यांच्या वंशजांना आज ते मीठ भोवते आहे, अशी ती उपपत्ती. ऐकावयास मोठी नाट्यमय. परंतु 1992 साली इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी तिला इतिहासाचा आधार नसल्याचे दाखवून दिले.

मग 1997 साली रिचर्ड कूपर, चार्ल्स रोटिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या लोकांचा रक्तदाब त्यांनी तीन प्रदेशांत, एकाच पद्धतीने मोजला. पश्चिम आफ्रिकेत शेकडा 16 जणांना उच्च रक्तदाब निघाला, कॅरिबियन बेटांवर 26 जणांना, अमेरिकेत 33 जणांना. मूळ एक, पण समुद्र ओलांडताच आकडा दुप्पट! पुढे 2005 साली कूपर यांनी युरोपातील गोऱ्यांची आकडेवारीही शेजारी मांडली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत प्रमाण शेकडा 44 होते, तर जर्मनीत 55. जर्मनांच्या रक्ताला मात्र कोणी बोल लावला नाही!

वारसा काहीच करीत नाही, असे मी म्हणत नाही. गळा काही अंशी वारशाने येतो, हे गायनशिक्षकाला कोणी सांगावयास नको. रक्तदाबावर शेकडो जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत आढळणारे एका जनुकाचे विशिष्ट रूप मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढविते, हेही 2010 साली सिद्ध झाले. परंतु तेवढ्याने समाजासमाजांतील एवढ्या अंतराचा उलगडा होत नाही.

त्यासाठी जगण्याची रीत पाहावी लागते. 2018 सालच्या एका मोठ्या अभ्यासात या फरकाचे सर्वांत मोठे कारण आढळले ते अमेरिकेच्या दक्षिण भागातील तळणाचा, खारवलेल्या मांसाचा व गोड पेयांचा आहार. आणि त्याहून खोल आहे ती रोजची ओढाताण. तिथल्या मजुरांच्या गीतांत जॉन हेन्री नावाचा हातोडेवाला आहे. वाफेच्या यंत्राशी पैज लावून तो जिंकतो आणि तिथेच प्राण सोडतो. संशोधक शर्मन जेम्स यांना 1978 साली जॉन हेन्री मार्टिन याच नावाचा एक वृद्ध शेतकरी भेटला. अपार कष्ट करून चाळिशीपर्यंत तो 75 एकरांचा धनी झाला होता. साठी गाठण्याच्या आत रक्तदाब आणि पोटातील व्रण त्याच्या मागे लागले. मनगटात जिद्द आणि हाताशी साधन नाही, तेव्हा शरीर ती किंमत मोजते, असे जेम्स यांनी मांडले. पुढील अभ्यासांत हे सर्वत्र सारखे आढळले नाही. पण प्रश्न योग्य दिशेचा होता.

कारण माणसांच्या रीतीत असेल, तर उपायही तिथेच सापडतो. लॉस एंजेलिसमधील 52 केशकर्तनालयांत हा प्रयोग झाला. नाभिक आपल्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना औषधतज्ज्ञांना भेटण्याचा आग्रह करीत, आणि औषधतज्ज्ञ तिथेच येऊन औषध ठरवून देत. सहा महिन्यांत वरचा दाब सरासरी 27 अंकांनी उतरला. ज्यांना नुसताच डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला होता, त्यांचा 9 अंकांनी. रक्त तेच होते; कोणीतरी आपुलकीने दाराशी आले, एवढाच फरक.

'रक्तातच आहे' या वाक्याची खरी सोय ही, की ते कोणालाच जबाबदार धरीत नाही. मालकाला नाही, सरकारला नाही, आणि स्वतःलाही नाही. आपल्याकडेही "आमच्या घराण्यात प्रेशर आहेच" असे म्हणत लोणच्याची बरणी पुढे सरकविणारे कमी नाहीत. स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, "रक्ताला दोष देण्यापूर्वी त्या माणसांना जगावे कसे लागले, ते तरी विचारू या." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे तिकडे असताना मला कोणी सांगितले असते, तर शेजारच्या त्या म्हाताऱ्याशी दोन शब्द अधिक बोललो असतो."