आरोग्यचिंतन : तीन महिन्यांचा ताळेबंद

कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. तेथे आमच्या एका आप्तांचे किराणा दुकान आहे. दशलक्षण पर्व तीन आठवड्यांवर आले असता त्यांच्या घरून दूरध्वनी आला. काकूंच्या तपासणीत ‘एचबीए१सी’, म्हणजे लोक जिला तीन महिन्यांची साखर म्हणतात ती, ६.७ टक्के आली होती. साखर उतरवणारी गोळी सुरू करण्याचे ठरले होते. काकूंना मात्र नेहमीप्रमाणे पर्वात उपवास करावयाचे होते. गोळी आणि उपवास एकत्र आले, तर साखर एकाएकी खाली जाऊन मनुष्य बेशुद्ध पडू शकतो. घरात काळजी होती ती याचीच.

अहवाल मागवून पाहिला. उपाशीपोटी साखर ९४, जेवणानंतर दोन तासांनी १२८. दोन्ही आकडे मधुमेहाचे नव्हते. मग तीन महिन्यांचा आकडा एवढा का चढला? उत्तर त्याच कागदाच्या खालच्या ओळीत होते. हिमोग्लोबिन अवघे ८.२.

हे समजण्यासाठी चाचणी नेमके काय मोजते ते पाहावे. रक्तातील साखर हिमोग्लोबिन या प्रथिनाला हळूहळू चिकटते आणि साखर जितकी अधिक, तितके अधिक हिमोग्लोबिन तिने व्यापले जाते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते व तोवर ही नोंद पुसली जात नाही. बोटातून थेंब काढून पाहिलेली साखर ही त्या क्षणी गल्ल्यात असलेली रोकड होय. एचबीए१सी हा मागील दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद होय.

मधुमेही रुग्णांच्या रक्तातील हे वेगळे हिमोग्लोबिन तेहरानचे संशोधक सॅम्युअल राहबर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हा आकडा खाली ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व नसा यांची हानी पुष्कळ टळते, असे त्यातून सिद्ध झाले. तेव्हापासून जगभरचे वैद्य या आकड्यावर उपचार ठरवू लागले.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली, आणि ती व्यापाऱ्यांना चटकन उमगेल. प्रत्येक प्रयोगशाळेचा काटा निराळा होता. एकच रक्त दोन ठिकाणी दिले, तर दोन आकडे येत. मोंढ्यात प्रत्येक अडत्याने स्वतःचा किलो बनवला, तर हळदीचा भाव कसा ठरावा? म्हणूनच वजनांवर सरकारी शिक्का लागतो व ठरावीक मुदतीने त्यांची पडताळणी होते. एचबीए१सीसाठी असा शिक्का देण्याचे काम अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झाले. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने मूळ माप निश्चित केले. त्यात हिमोग्लोबिनच्या साखळीचे टोक विकराने कापतात व साखर लागलेले आणि न लागलेले तुकडे वेगवेगळे मोजतात. या सुधारणेनंतरच, २०११ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के वा अधिक आकडा मधुमेहाच्या निदानासाठी ग्राह्य धरला, तोही चाचणी प्रमाणित असेल तरच.

तरीही काटा बरोबर असला म्हणजे हिशेब बरोबर येतोच असे नाही. माल जुना की नवा, हेही पाहावे लागते. लोहाच्या कमतरतेत आकडा खोटा चढू शकतो. उलट, रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर रक्तात तरुण पेशी अधिक असतात. त्यांना साखर चिकटण्यास वेळच मिळालेला नसतो आणि आकडा खोटा उतरतो. ही दुसरी चूक अधिक घातक, कारण ती रोग्यास निश्चिंत करते. आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेलसारखा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक प्रकार असल्यास काही यंत्रेही फसतात.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या प्रथिनाकडे पाहिले जाते. रक्तातील अल्ब्युमिन दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगते आणि तांबड्या पेशींच्या वयाशी त्याचा संबंध नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, साखर लागलेले अल्ब्युमिनचे तुकडे वस्तुमानावरून ओळखून मोजण्याची पद्धत विकसित केली. त्यांचे हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे रक्तही त्यांनी तपासले. अशा यंत्रांना खर्च फार लागतो, म्हणून नरसीसारख्या गावच्या रुग्णापर्यंत ही तपासणी पोहोचण्यास अवकाश आहे. तोवर आपल्या हाती असलेल्या साधनांचा विवेकाने वापर करावा.

काकूंच्या वैद्यांना दोन्ही आकडे शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी मोकळेपणाने पुनर्विचार केला, गोळी थांबवली आणि लोहाचा उपचार सुरू केला. पर्वात काकूंनी, अशक्तपणा ध्यानी घेऊन, उपवासाऐवजी एकाशन केले. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले आणि एचबीए१सी ५.८ आले. म्हणजे मधुमेह नाही, परंतु सावध राहावे असा इशारा मात्र आहे. काकू आता दुपारी दुकानात बसून राहण्याऐवजी सायंकाळी नदीकडे फिरून येतात.

वाचकांनी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. तीन महिन्यांच्या साखरेसोबत हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. घरची साखर व हा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर तसे वैद्यांना स्पष्ट विचारावे, स्वतःहून गोळी बंद करू नये. पर्वातील तपाचा संकल्प करण्यापूर्वी मधुमेहींनी गोळ्यांचे प्रमाण वैद्यांकडून ठरवून घ्यावे. वहीतील एक रक्कम जुळली नाही, तर आपण रात्री दिवा लावून ती शोधतो. देहाच्या हिशेबातही तेवढी दक्षता असावी.