येवल्याला कशाला?

मैत्रिणींनो, दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दिवाळीचे मोठे डबे अजून माळ्यावरून खाली उतरायचे आहेत. हे मधले आठ-दहा दिवस म्हणजे वर्षातली खरी सवड. पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते, दुपारी मात्र उन्हाचा चटका बसतो. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात. आणि आपण काय करतो? जळमटं काढायला घेतो!

आम्ही मनमाडच्या बायका. गाव एवढं मोठं जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड, संभाजीनगर, चारी वाटांना गाड्या सुटतात. पण आपण स्टेशनवर जातो ते बहुधा कुणाला आणायला, नाही तर पोचवायला. स्वतः गाडीत बसायचं तर लग्न हवं, बारसं हवं, निदान दवाखाना तरी हवा. नुसतं फिरून येते म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, "कशाला?"

गेल्या मंगळवारी मी मुद्दाम म्हटलं, "येवल्याला जाऊन येते." मंगळवारी मला शाळेत तास नसतात आणि येवल्याचा आठवडे बाजारही त्याच दिवशी. सासूबाईंनी विचारलंच, "कशाला गं?" म्हटलं, "काही नाही, सहज. आई, तुम्हीही चला की!" त्या जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "थांब, पातळ बदलते."

बरोबर दुधात भिजवलेल्या दशम्या घेतल्या, त्या दिवसभर मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली. घरच्यांसाठी वरण-भात, भाजी झाकून ठेवली, बस्स. साखर कुठे, चहापत्ती कुठे, अशा चिठ्ठ्या लिहून ठेवत बसू नका. ज्यांना टीव्हीचा रिमोट सापडतो त्यांना साखरेचा डबाही सापडतो!

आणि खर्चाचं म्हणाल, तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. तेव्हा ती सबब आता चालायची नाही.

मनमाड सोडलं की अनकाई-टनकाईची जोडी आणि तो अंगठ्यासारखा सुळका, हडबीची शेंडी, दिसायला लागते. टनकाईच्या पोटात जैन लेणी आहेत, अनकाईवर अगस्ती ऋषींचं स्थान. आमच्या बेतात चढणं नव्हतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात. पण खिडकीतून बघायला काय हरकत? शेतात मका निघाला होता, जागोजागी कणसं वाळत पडली होती. सासूबाई सगळं बघत होत्या आणि बोलत काहीच नव्हत्या.

बाजारात पणत्या, केरसुण्या, झेंडू-शेवंती. आम्ही दोघी रमतगमत हिंडलो. यादी नव्हती, त्यामुळे घाई नव्हती. एका दुकानी चहा घेतला. सासूबाईंनी पैसे स्वतःच्या बटव्यातून दिले, मला हात लावू दिला नाही.

मग एका विणकराच्या घरी माग बघायला गेलो. "घ्यायची नाही हो, नुसती बघायची आहे," असं मी आधीच सांगून टाकलं. उगीच कुणाचा वेळ खाऊ नये. पण त्यांनी हौसेने दाखवलं. पदरावरच्या मोराचा एकेक रंग वेगळ्या कांडीने, हाताने भरायचा. दिवसभर बसलं तरी पदर बोटा-बोटाने पुढे सरकतो. पदर भरगच्च असेल तर एका पैठणीला महिनेच्या महिने जातात. घरातली बाई कोपऱ्यात कांड्या भरत बसली होती. साडीच्या किमतीत तिचेही हात असतात, हे लक्षात ठेवा. येवल्याच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घ्यायची झाली तर आधी पदर उलटा करून बघा. हातमागावरची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते. मागे सुटे लोंबते दोरे किंवा कापलेली टोकं दिसली तर ती यंत्रमागाची.

सासूबाईंनी तो पदर तसाच उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नातली पैठणी येवल्याचीच होती."

मी विचारलं, "मग तेव्हा आला असाल ना इथे?"

"बस्त्याला मोठी माणसं आली होती. नवरीला कोण आणतं?"

बेचाळीस वर्षं झाली त्यांना मनमाडला येऊन! आणि येवलं पंचवीस-तीस किलोमीटरवर. कोणी अडवलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. येवल्यातच १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तिथे आज मुक्तिभूमीचं स्मारक आहे. शाळेत हा धडा शिकवणारी मी, पण हे स्मारक आम्ही दोघींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिथे सावलीत बसून दशम्या खाल्ल्या.

संध्याकाळी घरी आलो तर भांडी घासलेली होती. नीट नव्हती, पण घासलेली होती.

रात्री सासूबाईंनी ट्रंकेतून ती पैठणी काढली. जुन्या जरीच्या साड्या असतील त्यांना एवढं करा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, अत्तर शिंपडू नका. मऊ पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. दोन-तीन महिन्यांनी काढून सावलीत वारा द्या आणि घडी बदला, नाही तर घडीवरच चिरते. आमची एका घडीवर चिरलीच आहे, रफू करणारा शोधते आहे.

आणि हो, येताना सीताफळं आणली. डोळे मोठे झालेली, पण कडक बघून घ्या. धान्याच्या डब्यात ठेवली की दोन-तीन दिवसांत पिकतात. रोज चाचपून बघायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं आहे.