बुंधा राखला, मुळे तोडली

पावसाळ्याच्या तोंडावर गृहनिर्माण सोसायट्यांना यंदाही नोटिसा आल्या. आवारातली झाडे छाटून घ्या, फांदी पडून अपघात झाला तर जबाबदारी तुमची, असा त्यांचा सूर. दादर-माटुंग्याच्या वसाहतींमध्ये गल्लीगल्लीतली झाडे सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचा या नोटिशींवरचा संताप आम्हाला पूर्ण मान्य आहे. आवारातली मनगटाएवढी फांदी उतरवायला वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते, मगच परवानगी मिळते. ही शिस्त योग्यच आहे. पण फाटकाबाहेर रस्त्याच्या काँक्रिटीकरणासाठी किंवा केबलसाठी चर खणताना जेसीबीच्या एका फटक्यात मांडीएवढे मूळ तुटते, तेव्हा अर्ज कोण करतो आणि पाहणी कोण करतो? उद्यान खाते रस्ते खात्याकडे बोट दाखवते, रस्ते खाते कंत्राटदाराकडे. आणि जुलैतल्या वादळी पावसात तेच झाड कोसळले की पंचनाम्यात कारण लिहिले जाते ‘सोसाट्याचा वारा’.

या वसाहतींत झाडे ही नंतर केलेली सजावट नाही. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डचे उद्याननगरीची कल्पना मांडणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. दाटीवाटीच्या शहरावरचा उपाय म्हणून रुंद रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा, मध्ये बागा आणि दुतर्फा झाडे ही मांडणी ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत उतरली. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी जोशी यांनी पारशी वसाहत घडवली, तीही झाडांचा विचार करून. पाच बागांचा परिसर आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. इथल्या इमारती पुनर्विकासात एकेक करून बदलतील, पण रस्त्याची रुंदी आणि त्यावरची झाडांची कमान टिकली तर वसाहत ओळखू येईल. पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतले शेकडो रेन ट्री आधीच गेले आहेत. उरलेल्यांच्या बाबतीत हयगय परवडणारी नाही.

कायदा अपुरा आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला. म्हणजे या रस्त्यांवरच्या जुन्या रेन ट्रीचे आधारमूळ तोडणे ही कायद्याच्या अर्थाने हेरिटेज वृक्षाची तोडच आहे. तरी चर खणण्याच्या परवानगीला वृक्ष अधिकाऱ्याची सही लागत नाही, आणि छाटणीला मात्र लागते. भर म्हणून ‘एक मीटर’चा गैरसमज आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो बुंध्याचा श्वास मोकळा करण्यासाठी. आपल्याकडे त्याचा अर्थ उलटा लावला जातो : मीटरभराचे आळे सोडले की पलीकडे खुशाल खणा. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकानुसार मूळ-संरक्षण क्षेत्राची त्रिज्या छातीच्या उंचीवरील खोडाच्या व्यासाच्या बारापट धरतात. ८० सेंटिमीटर व्यासाच्या झाडासाठी ती ९.६ मीटर होते. आपले रस्ते अरुंद, तेवढी जागा सोडणे अशक्य, हे कबूल. पण त्या पट्ट्यात यंत्राऐवजी हाताने खणणे, जाड मुळांखालून पाइप सरकवणे आणि तुटलेले मूळ करवतीने स्वच्छ कापणे यांतले अशक्य काय आहे?

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. झाडे पडून माणसे मरतात, तेव्हा छाटणी आधी, असे अधिकारी म्हणतात. छाटणीने पर्णसंभाराचा वाऱ्याला होणारा विरोध घटतो, हे खरेच. पण तुटलेली आधारमुळे छाटणीने परत येत नाहीत, आणि रस्त्याच्या बाजूने मुळे गेलेल्या झाडाचा इमारतीकडचा भार उतरवला तर तोल आणखी ढळू शकतो. ज्याला माणसांच्या जिवाची खरी काळजी आहे त्याने आधी चरात डोकावले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की ही सुखवस्तू वसाहतींची चैन आहे. २०१८च्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यांतली रस्त्याकडेची जेमतेम १ लाख ८५ हजार, म्हणजे शंभरात सहा. भर दुपारी पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येतात ती हीच. व्हीजेटीआय आणि रुइया महाविद्यालयांचे विद्यार्थी, फेरीवाले, टपालवाले यांची सावली म्हणजे चैन नव्हे. तिसरा आक्षेप स्वयंसेवकांच्या अज्ञानाचा, आणि त्यात तथ्य आहे. बुंध्याभोवती सिमेंटचे पार बांधणारे, खोडाला ऑइलपेंट फासणारे, मूळमानेवर, म्हणजे खोड मुळांना मिळते त्या जागी, मातीचे ढीग रचणारे आणि दिव्यांच्या माळा ठोकणारे पुष्कळदा आपलेच लोक असतात. वनमहोत्सवाला रोप हातात धरून छायाचित्रासाठी उभे राहणारे सभासद चर उघडला की दिसत नाहीत. हे थांबल्याशिवाय खात्याला जाब विचारण्याचा आपला अधिकार लंगडाच राहील.

म्हणून मागणी एकच ठेवू या : झाडाच्या मूळक्षेत्रातील कोणत्याही खोदकामाच्या परवानगीवर वृक्ष अधिकाऱ्याची सही, आणि खोदताना उद्यान खात्याचा माणूस हजर. दहा मागण्यांचे निवेदन फायलीत निजते. एका सहीची मागणी टाळायला कारण द्यावे लागते. रस्त्यांचे खोदकाम १ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होईल. तोवर प्रत्येक गल्लीची वही तयार करा. झाडाची जात, १.३७ मीटर उंचीवरचा घेर, आळ्याचे माप, झुकाव, मूळमानेची अवस्था, मोजपट्टीसह चारही बाजूंची छायाचित्रे आणि तारीख एवढे पुरे. वहीची एक प्रत वॉर्डाच्या वृक्ष अधिकाऱ्याला, दुसरी रस्ते अभियंत्याला द्या, पोच घ्या आणि संयुक्त पाहणीची तारीख लेखी मागा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा. ज्या गल्लीत तज्ज्ञ नसेल तिथे शेजारच्या गल्लीतल्याने जावे. नोंद नसलेल्या झाडाची इजा सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध न झालेल्या इजेला कुणी जबाबदार ठरत नाही. चार महिने हाताशी आहेत, कामाला लागा.