चिन्हे बदलली, माणसे तीच



गेल्या गणेशोत्सवात आरती-प्रसाद आटोपल्यावर मंडळाच्या सभागृहात नेहमीप्रमाणे खुर्च्या गोल झाल्या आणि गप्पा राजकारणावर आल्या. दरवर्षी इथे दोन तट पडतात, एक पंजाचा, एक कमळाचा, आणि भांडण मिटवायला चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो. या खेपेस भांडण झालेच नाही. दोन्हीकडची मंडळी एकच बोलत होती, "मत द्यायचे तरी कोणाला?" १९६२ पासून एकही मतदान न चुकवलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद तर म्हणाले, "पुढच्या वेळी मी घरीच बसणार."

त्यांचे हे वाक्य आम्हाला लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

राग कशाचा आहे? पाण्याचा आहे. तिघरा धरण आटले की नळ एक दिवसाआड येतो. स्वर्णरेखेचा आहे, जी नदी म्हणवते आणि नाला म्हणून वाहते. जे. सी. मिल बंद होऊन तीन दशके उलटली, तरी कामगारांच्या थकलेल्या पैशांचे आश्वासन निवडणूक आली की पुन्हा ऐकू येते. पण ही दुखणी जुनी. नवा राग वेगळा आहे. आपण मत जिथे टाकतो तिथे ते राहतच नाही!

ग्वाल्हेर पूर्वचेच पाहा. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे मुन्नालाल गोयल यांनी भाजपच्या सतीश सिकरवार यांना हरवले. दोनच वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०२० रोजी, त्याच मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. उमेदवार कोण? तेच दोघे. फक्त आता गोयल भाजपचे होते आणि सिकरवार काँग्रेसचे! ज्याने २०१८ मध्ये काँग्रेस म्हणून गोयलांना मत दिले, त्याने आता माणूस धरायचा की चिन्ह? सिकरवार निवडून आले. पुढे जुलै २०२२ मध्ये त्यांच्या पत्नी शोभा सिकरवार महापौर झाल्या आणि महापालिकेतली जनसंघ-भाजपची ५७ वर्षांची सद्दी संपली, असे वर्तमानपत्रांनी छापले. काँग्रेसवाल्यांनी पेढे वाटले. आम्हीही एक खाल्ला, पण हा विजय नेमका कोणत्या विचाराचा, हे काही कळले नाही.

ही पोटनिवडणूक आली कशामुळे, ते सर्वांना ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे भाजपमध्ये गेले, काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, २० मार्चला कमलनाथ पायउतार झाले आणि २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांनी शपथ घेतली. देशात टाळेबंदी लागण्याच्या दोन दिवस आधी! आम्ही घरात किराणा भरत होतो, तेव्हा भोपाळात सरकार बदलत होते. पंधरा वर्षांनी बदललेले सरकार पंधरा महिन्यांत गेले.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, २००३ मध्ये तो आणखी आवळला. तरी पळवाट सोपी आहे. पक्ष सोडला तर आमदारकी जाते ना? मग आमदारकीच सोडायची, नव्या पक्षात जायचे, सहा महिने आमदार नसताना मंत्री राहायचे आणि पोटनिवडणुकीला उभे राहायचे. कर्नाटकात २०१९ मध्ये विधानसभाध्यक्षांनी १७ आमदारांना अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता मान्य केली, पण पोटनिवडणूक लढवायला मोकळीक दिली. कायदा आहे, पण दाराला कडी आणि खिडकी उघडी अशी त्याची गत.

हे भाजपने सुरू केले असे म्हणून काँग्रेसवाल्यांना हात झटकता येणार नाहीत. १९६७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पाठबळावर ३६ काँग्रेस आमदार बाहेर पडले, द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार कोसळले आणि काँग्रेस सोडून आलेले गोविंदनारायण सिंह मुख्यमंत्री झाले. १९६९ मध्ये तेच गोविंदनारायण सिंह काँग्रेसमध्ये परतले आणि काँग्रेसने त्यांना घेतलेही.

आता थोडे आपल्याच माणसांविषयी, रागावू नये. लष्करातल्या मराठी घरांनी पक्षाला मत दिलेच कधी? आपण महालाला मत दिले. राजमाता जनसंघात आणि मग भाजपमध्ये, माधवराव १९८० पासून काँग्रेसमध्ये. त्यामुळे आपल्याही घरात सासरे एकीकडे आणि जावई दुसरीकडे. १९८४ मध्ये अटलजी आणि माधवराव समोरासमोर आले, तेव्हा तर एक ग्वाल्हेरचा सुपुत्र आणि दुसरे ग्वाल्हेरचे महाराज. लोकांनी महाराजांना निवडले. १९९६ मध्ये माधवराव काँग्रेस सोडून स्वतःच्या मध्य प्रदेश विकास काँग्रेसतर्फे उभे राहिले, तरी निवडून आलेच. पक्ष कोणताही असो, मत ठरलेले, हे एकदा पुढाऱ्यांना कळले की ते आपल्याला विचारायला कशाला येतील? महालाबाहेरचे आपले म्हणावे असे शेजवलकर घराणे. नारायणराव खासदार झाले, पुढे विवेकराव महापौर आणि २०१९ मध्ये खासदार झाले. २०२४ मध्ये विवेकरावांना तिकीट मिळाले नाही. आपल्यात चार दिवस हळहळ झाली. का दिले नाही, हे मात्र कोणी पक्षाला विचारायला गेले नाही. आम्हीही गेलो नाही.

त्या २०२४ च्या निवडणुकीत समोर कोण होते? भाजपचे भारतसिंह कुशवाह आणि काँग्रेसचे प्रवीण पाठक. दोघेही नोव्हेंबर २०२३ मध्ये विधानसभेला हरलेले! मतदारांनी सहा महिन्यांपूर्वी ज्यांना 'नको' म्हटले, त्यांतूनच एकाला 'हवा' म्हणायचे.

मग उरतो नोटा. (आपल्याकडे नोटा म्हटले की पैशांच्या नोटा आठवतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत दोन्हींचा संबंध अगदीच नाही असे नाही. असो.) सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर हे बटण ज्या पाच राज्यांत प्रथम आले, त्यांत मध्य प्रदेश होता. २०१८ मध्ये ग्वाल्हेर दक्षिणला प्रवीण पाठक अवघ्या १२१ मतांनी जिंकले, तेव्हा नोटाला पंधराशेहून अधिक मते पडली होती. म्हणजे दोन्ही पक्षांवर रुसलेल्यांपैकी थोडे जरी इकडचे तिकडे झाले असते, तरी निकाल फिरला असता. त्यानंतर कोणी त्या पंधराशे लोकांना शोधत आले? आमच्या ऐकिवात नाही.

इंदूरला तर कहर झाला. २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. काँग्रेसने लोकांना नोटा दाबायला सांगितले. २,१८,६७४ मते नोटाला पडली. देशात एखाद्या मतदारसंघात तोवर इतकी कधी पडली नव्हती. झाले काय? भाजपचे शंकर लालवाणी अकरा लाखांवर मताधिक्याने खासदार झाले आणि ती सव्वादोन लाख मते आकडेवारीत जमा झाली.

मंडळातल्या अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. रविवारच्या फोनवर त्यांचीही कुरकुर हीच, की दोन पक्ष, दोन्ही नकोसे. तिथल्या नेवाडा राज्यात 'यांपैकी कोणी नाही' हा पर्याय १९७६ पासून मतपत्रिकेवर आहे. २०१४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार ठरवताना हाच पर्याय पहिला आला, तरी उमेदवारी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मिळाली. १९९२ मध्ये रॉस पेरो यांनी दोन्ही पक्षांविरुद्ध उभे राहून सुमारे १९ टक्के मते घेतली, पण अध्यक्ष निवडणारे एकही निर्वाचक मत त्यांना मिळाले नाही. तेव्हा घरोघरी मातीच्या चुली.

आमचे म्हणणे एवढेच की, नुसत्या रागाला जागा नाही. घरी बसणाऱ्या मतदारावर पक्ष नाराज नसतात. एक काम कमी झाले म्हणून खूशच असतात. म्हणून आमच्या ज्येष्ठांशी आम्ही सहमत नाही, आणि हे आम्ही त्यांना तोंडावर सांगितले आहे. बटण नोटाचे दाबा, पण केंद्रावर जा. आणि त्या बटणाला वजन मिळावे म्हणून मागणी करा. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटाला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी. मध्य प्रदेशात महापालिकेपुरते तरी हे का होऊ नये?

दुसरी मागणी राजीनाम्यांची. जो आमदार मुदतीच्या मध्येच राजीनामा देऊन पक्ष बदलतो, त्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवता येऊ नये आणि मंत्रीही होता येऊ नये. काँग्रेस आणि भाजप दोघांनाही हे गैरसोयीचे आहे. आमच्या मते मागणी योग्य असल्याची ही चांगली खूण आहे.

या दोन मागण्या आणि तिघऱ्याच्या पाण्याचा एक प्रश्न असे पत्रक मंडळ तयार करीत आहे. महापालिकेची व पुढे विधानसभेची निवडणूक लागेल तेव्हा प्रत्येक उमेदवाराला, तो ओळखीचा असो, आपल्या जातीचा असो वा महालाचा असो, मंडळात बोलावून त्यावर हो किंवा नाही असे लेखी घ्यावे आणि ते उत्तर याच पत्रिकेत जसेच्या तसे छापावे, असा विचार आहे. जो येणार नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी छापू. कोजागरीच्या बैठकीत मसुदा वाचला जाईल. सभासदांनी आपापल्या वॉर्डातले प्रश्न लिहून आणावेत. आमचे ज्येष्ठ सभासद येणार आहेत. त्यांनी आपला प्रश्न आधीच लिहून दिला आहे.