अपुरी प्रेमकथा

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी प्रेक्षकांपुढे उघडपणे मांडण्याचे धैर्य त्यात खचित आहे. तथापि प्रेमकथा म्हणून ते वाचकाची निराशा करते. कथा सांगतो बापू. त्याला दिसेल तेवढेच सुमित्रेचे अंतरंग आपणांस दिसते. नमेचे मन तर तिच्या ठायी स्थिर नाही. उभयतांच्या ठायी नसलेल्या रतीस साहित्यदर्पणकार विश्वनाथ रसाभास म्हणतो. येथे तेच झाले आहे. अखेर सुमित्रा आत्मघात करते.

दुसरा शेवट अशक्य होता काय? अमेरिकेत पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी १९५२ सालीच, टोपणनावाने का होईना, 'द प्राइस ऑफ सॉल्ट' या कादंबरीत दोघींची पुनर्भेट घडविली होती. आपल्याकडे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा नव्हेत, असे ठरविले.

देवगाव रंगारीत असो वा पुण्यात, घरातील एखाद्या मुलीच्या हाती हे पुस्तक दिसल्यास वडीलधाऱ्यांनी ते काढून घेऊ नये. तिच्यासह वाचावे, आणि हा शेवट नाटककाराने योजिला आहे, विधात्याने नव्हे, हे तिला सांगावे.