रस्ता आहे, परवाना नाहीं

रूळ टाकले कीं देश जोडला गेला, असा पुष्कळांचा समज असतो. उत्तर कोरियाकडे पाहिल्यास तो टिकत नाहीं. तेथील आगगाड्या बहुतेक विजेवर चालतात, व वीज गेली कीं वाटेंतच खोळंबतात. परप्रांतीं जाण्यास सरकारी परवाना लागतो. २००८ सालीं ईजिप्तच्या कंपनीच्या साहाय्यानें मोबाईलचें जाळें उभें राहिलें. पण सामान्य प्रजाजनास त्यावरून परदेशीं बोलतां येत नाहीं. २०१८ च्या एप्रिलांत खुद्द किम जोंग उन यांनीं दक्षिणेच्या अध्यक्षांपाशीं रस्त्यांच्या दुःस्थितीची कबुली दिली. त्याच डिसेंबरांत दोन्ही कोरियांचे रस्ते व रूळ जोडण्याचा समारंभ झाला; आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत त्याच रस्त्यांचे सरहद्दीजवळील भाग उत्तरेनें सुरुंगानें उडविले! राष्ट्रसंघाचे निर्बंध या दैन्यास कारण आहेत, असें कोणी म्हणेल. तें कांहीं अंशीं खरें. परंतु ते निर्बंध २००६ सालचे, व परवान्याची पद्धत त्याहून पुष्कळ जुनी. माल कोठें न्यावा, लेकीस केव्हां भेटावें, हें कचेरीनें ठरविलें, तर आमच्या व्यापारी वाचकांस तो रस्ता आपला वाटेल काय ? म्हणून रस्त्याचे मैल मोजण्यापूर्वीं, त्यावरून परवान्यावांचून कोणास जातां येतें, तें आधीं विचारावें.